पुलावरून भरलेली बाटली

नाही नाही, लगेच नका भरू – पंप दहा मिनिटं चालू द्या, पाइपातलं साचलेलं पाणी जाऊ दे, मग भरा. पाणी तपासणारे तुम्ही आणि शिकवतेय मी – पण हे मला माझ्या धाकट्या भावानंच शिकवलंय. हो, तोच, तुमच्या जागेवर आधी होता तो. आणि स्वतः काय करायचा? पुलावरून दोरीनं बाटली सोडायची, नदीचं वाहतं पाणी भरायचं आणि आमच्या विहिरीच्या नावापुढं लिहायचं – पाणी चांगलं. आता नदी दिसायला निवळशंखच आहे हो, वरचा कारखाना बंद होऊन पंधरा वर्षं झाली. पण त्याची घाण कुठं गेली? तळाच्या गाळात बसली – शिसं, कॅडमियम, काय काय – आणि इथं आम्ही पंप लावला की नदीचं पाणी त्या गाळातून झिरपत विहिरीत येतं, येताना ते सगळं घेऊन येतं. हेही त्यानंच सांगितलं, मागच्या महिन्यात, सगळं उघडकीला आल्यावर. चार वर्षं माहीत होतं त्याला. वरून सांगणं होतं म्हणे, गवगवा नको.

आणि मी गल्लीभर छातीठोकपणे सांगत फिरायचे – प्या बिनधास्त, माझा भाऊ तपासतो. अहो, गल्लीचं सोडा, आई – आमची दोघांची आई, माझ्याकडेच असते – ती त्याच्या डोळ्यांदेखत हेच पाणी प्यायची. आता तिच्या किडन्या गेल्यात, हाडं अशी दुखतात की कूस बदलता येत नाही. केसानं गळा कापला त्यानं. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते, इथं आपलेच दात, आपलेच ओठ.

तो? तो इथं थेंबाला शिवायचा नाही. चहा नको ताई, पित्त होतं. आणि त्याच्या घरी जावं तर कपावर कप – मी पाहिलंय ना, दोन वर्षांपूर्वीच – म्हणजे – पाहिलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. विचारलं नाही. भावाला काय विचारायचं असलं? घरी आले आणि आईला तांब्या भरून दिला. याच विहिरीतला. रोज देत राहिले.

हे लिहू नका तुम्ही.

थांबा, आई हाक मारतेय. अंगणात पुरुषाच्या चपला वाजल्या की तिला वाटतं, तोच आला. तिला अजून काही सांगितलेलं नाही. नाही, बोलू नका – चपला हातात घ्या आणि मागच्या दारानं जा.