अहो, वर बघा

श्यामसुंदर : घोरतो म्हणून कुणी दवाखान्यात आणतं का? मग कोथरूडमधली आमची अर्धी सोसायटी इथेच राहायला येईल.

डॉक्टर : घोरता म्हणून नाही आणलं, काका. घोरता घोरता मध्येच थांबता, म्हणून आणलंय.

श्यामसुंदर : तेवढा वेळ तरी शेजाऱ्यांनी सुख मानावं.

सुनीती : बाबा, नीट सांगा ना त्यांना. डॉक्टर, आई गेल्यापासून यांना दोनदा न्यूमोनिया झालाय. जेवायला बसले की ठसका. मला तर यांच्यासमोर ताट ठेवायची भीती वाटते.

डॉक्टर : घोरणं आणि ठसका, दोन्ही एकाच जागेचे. तोंड उघडा, काका. ही पडजीभ, ही जिभेची मागची बाजू. तिच्यामागे जी पोकळी आहे तिथून घासही जातो आणि श्वासही. तिला आधाराला हाड नाही, नुसत्या स्नायूंनी ती उघडी ठेवलेली असते. झोप लागली की स्नायू सैल, जीभ मागे पडते, वाट बंद.

श्यामसुंदर : पण ठसका तर जागेपणी लागतो. मी झोपेत जेवत नाही, हिला विचारा.

डॉक्टर : इतकी वर्षं घोरून तिथल्या नसा बधिर होतात. घास आलाय हे गळ्याला उशिरा कळतं.

श्यामसुंदर : आमच्या ऑफिसात असे बरेच होते. टेबलावर फाइल आलीय हे त्यांना रिटायर होताना कळायचं.

डॉक्टर : ठसका लागला की काय करता?

श्यामसुंदर : वर बघतो. आपण लहान मुलांना नाही का सांगत, वर बघ, चिमणी बघ? पद्मजा, म्हणजे हिची आई, डोक्यावर थोपटून म्हणायची, अहो, वर बघा. आता थोपटायला कुणी नाही, तेव्हा मी घास घेतानाच वर बघतो. आधीच सावध.

सुनीती : मला वाटायचं, आईच्या फोटोकडे बघता.

श्यामसुंदर : तोही तिथेच आहे.

डॉक्टर : तिथेच चुकतंय, काका. मान वर केली की श्वासाची वाट सताड उघडते आणि घास तिच्यात शिरतो. गिळताना तुम्ही हनुवटी खाली घ्यायची, छातीकडे. वर करायची ती झोपेत. झोपेत हनुवटी वर झाली की जीभ मागची जागा सोडते आणि श्वास येतो.

श्यामसुंदर : झोपेत होते की वर.

डॉक्टर : हो. तेच विचारायचंय. परवा घरी झोप तपासायचं यंत्र लावून झोपलात, तेव्हा खोलीत कोण होतं?

सुनीती : कुणी नाही. यंत्र लावायचं म्हणून मी दोन रात्री राहायला आलेय, पण पलीकडच्या खोलीत होते.

डॉक्टर : हा आलेख बघा. ही छाती. हलतेय, धडपडतेय, पण हवा आत जात नाही. अशा वेळी मेंदू दचकून जागा होतो, मग मान हलते, मग श्वास येतो. बहुतेकांचं असंच असतं. यांचं उलटं आहे. मेंदू गाढ झोपलाय आणि हनुवटी वर जातेय. सावकाश. मग श्वास.

सुनीती : म्हणजे काय झालं?

डॉक्टर : मला माहीत नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणून काल दुसरं पाठवलं. त्यातही तेच आलं. कुणी हाताने उचलावी तशी वर जाते.

सुनीती : बाबा, तुम्हाला काही जाणवतं का?

श्यामसुंदर : गार असतो हात. ओट्यावरचं आवरून आल्यासारखा. आणि अंगठीचा खडा टोचतो, इथे, हनुवटीखाली.

सुनीती : आईची अंगठी माझ्या बोटात आहे, बाबा.

श्यामसुंदर : म्हणून परवा वाटलं, तूच आलीस. पण माझ्या दाराला आतून कडी असते.

डॉक्टर : काका, यावर उपाय आहे. हा मास्क. नाकावर लावून झोपायचं. हवेच्या दाबाने गळा रात्रभर उघडा राहतो.

श्यामसुंदर : मिटतच नाही?

डॉक्टर : सहसा नाही.

श्यामसुंदर : मग नको. मिटला नाही तर ती कशाला येईल?

सुनीती : काय बोलताय तुम्ही?

श्यामसुंदर : खरं बोलतोय. दिवसभर त्या घरात मला कुणी हात लावत नाही. तू शनिवारी येतेस, डबे ठेवतेस, जातेस. रात्री तेवढा तो हात असतो. मला तो हवाय.

डॉक्टर : मग हेही बघा. झोप लागल्या लागल्या हनुवटी लगेच उचलली जाते. पुढे पुढे उशीर होत जातो. पहाटे तर इतका उशीर झालाय की रक्तातला प्राणवायू फारच खाली गेलाय. आणि कालची रात्र परवापेक्षा वाईट आहे.

श्यामसुंदर : एखाद्या रात्री ती येणारच नाही, असं म्हणताय?

डॉक्टर : यंत्रात दिसतं तेवढंच सांगतेय.

सुनीती : आई दमली असेल, बाबा.

श्यामसुंदर : काय?

सुनीती : आठवतं? चहा उकळेपर्यंत ओट्याला टेकून उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची. काय म्हणायची तुम्हाला?

श्यामसुंदर : एक रात्र तरी सलग झोपू द्या. दवाखान्यात तिच्या शेवटच्या दिवसांतही तेच. मी खुर्चीत घोरायला लागलो की सलाइनचा हात सांभाळत उठून बसायची. माझ्याकडे बघत.

सुनीती : अजून बसतेय ती.

(श्यामसुंदर टेबलावरचा मास्क उचलतात.)

श्यामसुंदर : याचा आवाज होतो?

डॉक्टर : बारीक. पंख्याहूनही कमी.

श्यामसुंदर : आणि घोरणं?

डॉक्टर : जवळजवळ बंद होईल.

सुनीती : आधी थोडं पाणी घ्या. खाली बघून, बाबा. हनुवटी छातीकडे.

श्यामसुंदर : हं. गेलं की नीट.

डॉक्टर : आता पट्टा बांधून बघू. नळी उजवीकडून घेऊ का?

श्यामसुंदर : डावीकडून घ्या. उजवीकडे तिची उशी आहे.

सुनीती : घट्ट होतंय का?

श्यामसुंदर : नाही. राहू दे. आज लागेल तिला झोप.