यंत्र नीट झालं की

व्हय आक्का, म्हनलो होतो — हे कपडे धुवायचं यंत्र नीट झालं की तुझ्या भावजयीचं खुंटीवरचं लुगडंबी धुतो, असंच म्हनलो होतो. पर नीट झालंय कुठं अजून? सरक जरा, उजेड आडतोय. उचगावास्नं चालत आलीस, बस की पाटावर.

हे कॅम्पातल्या साहेबाच्या बंगल्यात हुतं. साहेब बिलायतीला गेला, तवा काय पायजे म्हनून विचारला — बागेत मी खपलो, आन् मागून घेतलं हिनं. शेजारणी म्हनल्या, आता भाकरी थापायलाबी यंत्र आणा. ही हसायची आन् दांडा फिरवायची. ही गेल्यावर कुणी पानी घातलं न्हाय — लाकडाचं पिंप, सुकलं, फळ्यांत फटी पडल्या. मी लई शाना, डांबर भरलो. तरी गळायचंच. मग कळलं, लाकडाला नुसतं पानी पाजून ठेवायचं, फुगतंय आन् आपसूक मिटतंय. आतला खिळा झिजला हुता, गाडीचा जुना कापून बसवलो. यल्लाप्पा सुतार म्हनला, मष्णू, आण हिकडं, एका दिसात करून देतो. न्हाय दिलो. एका दिसात झालं असतं तर — काय न्हाय. सुताराचा भरवसा नसतोय, म्हनून.

रडायला? न्हाय येत. जेवतोय, झोपतोय, कामाला जातोय, आत काय वाटतच न्हाय बघ. बाकीची लुगडी तू परटाला दिलीस, मी बोललो काय? हे एक तेवढं ऱ्हाऊ दे म्हनलो. शेवटचं नेसलेलं. मेलेल्या मानसाचं न धुता घरात ठेवू नये — ठाऊक हाय की. पर त्याला अजून चुलीचा धूर हाय, तिच्या डोस्क्याचं तेल हाय. सांजचं दार लावलो की मी जरा — जाऊ दे. तुला काय सांगत बसलोय.

मी आडवा होऊन खालनं बघतो गळतंय का. तू दांडा फिरव. व्हय, तसंच, सावकाश. एक थेंब न्हाय गं. झालं की नीट — पर एवढं जड कशानं फिरतंय? काय घातलीस आत?

आक्का?

ऱ्हाऊ दे. काढू नगंस. भिजलं ते भिजलं. फिरव.