गुळाच्या काहिलीतून माहेरी

होड्या किती प्रकारच्या असतात, हे मी शाळेत शिकलेय बरं का! माणसं नेणारी नाव, मासे धरायची डोंगी, माल वाहणारं गलबत. पण लेकराला पहिल्यांदा आजीला दाखवायला माहेरी, निर्ण्याला निघाले, तर मधली नदी भरलेली आणि काठावर गूळ शिजवायची काहील! पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, म्हणून गावानं तिचीच नाव केलेली.

"ही उलटली तर?" मी विचारलं. शिकलेली ना, भीतीही जास्तच.

पोहत काहील ढकलणारे बसण्णा म्हणाले, "कामून भेतीस अक्का? परवा यातनंच नवरी नेली, रुखवतासकट."

"रडत नव्हती?"

"रडली की. पण माहेर सुटलं म्हणून."

पोराला पदरानं पोटाशी बांधून बसले. दात येत होते, त्यामुळं ते दोन दिवस झोपलंच नव्हतं. काहील गरगर फिरायला लागली. मी डोळे मिटले आणि पोरानंही मिटले. चक्क झोपलं!

पल्याड आई हात पसरून उभी. काहील थांबली तसं पोरगं किंचाळलं. बसण्णांनी परत फिरवली, पोरगं गप्प. पुन्हा थांबवली, पुन्हा किंचाळलं.

"अगं, उतर की! नातू बघू दे!" आई ओरडली.

"आत्ताच डोळा लागलाय गं. उतरले की उठतंय!"

आईनं क्षणभर बघितलं, लुगडं खोचलं आणि सरळ पाण्यात शिरली.

"बसण्णा, नीट धरा. मी बी यायलाव आत."