खंडेनवमीचं कॅबिनेट

लीलावती : आणि त्या दुकानवाल्या भैयाला सांग, कॉम्प्युटरचा जुना डबा आत्ता उघडायचा नाही म्हणून. आधी नवा दाखव म्हणावं.

अश्लेषा : उलट जुनाच आधी उघडायला हवा, आई. अभिराम गाडी लावून वर यायच्या आत.

लीलावती : का ग? एवढी कसली घाई?

अश्लेषा : आत तांदूळ आहेत.

लीलावती : कसले तांदूळ?

अश्लेषा : अक्षता. कुंकवाच्या. मी खंडेनवमीच्याच संध्याकाळी टॉर्च मारून पाहिलं. वरच्या जाळीतून पंख्यात पडल्यात. झेंडूची एक पाकळी पण आहे.

लीलावती : म्हणजे चार दिवस तुला ठाऊक आहे. आणि तू बोलली नाहीस.

अश्लेषा : तुम्ही तरी कुठे बोललात?

लीलावती : काय तोंडाने बोलू? खंडेनवमीला ज्याच्यावर घर चालतं त्या हत्याराची पूजा करायची असते. तुझे सासरे होते तोवर दरवर्षी लॅबमधून मायक्रोस्कोप घरी आणायचे, मी हळदकुंकू लावायची. ते गेले. मग म्हटलं, सून कॉम्प्युटरवर काम करते, तेच तिचं हत्यार. तू आंघोळीला गेली होतीस. मी फूल वाहिलं, अक्षता टाकल्या, पळीभर पाणी सोडलं. वर जाळी असते हे मला काय माहीत, बाई? मला तो पाटासारखा दिसला.

अश्लेषा : चालू होता तो.

लीलावती : दिवा लागलेला दिसत होता की. खट् करून आवाज आला आणि दिवा गेला. म्हटलं, झालं. हात दाखवून अवलक्षण केलं मी.

अश्लेषा : पुसलंत ना नंतर?

लीलावती : पदराने. आत गेलेलं कसं पुसणार? अश्लेषा, खरं सांग, तुझं काम गेलं का सगळं?

अश्लेषा : माहीत नाही. बहुतेक वरचं बटण आणि पंखाच गेलाय. बाकीचं आज कळेल. कामाची कॉपी आहे माझ्याकडे, त्याची फिकर नका करू.

लीलावती : कामाची फिकर तुला. मला अभिरामची आहे. गॅसच्या वेळी काय म्हणाला होता तो? असा विसरण्याचा आणखी एक प्रकार झाला की आईला सांगलीला दादाकडे पाठवायचं. संग्रामने तर तिकडे खोलीला रंगसुद्धा काढायला घेतलाय. जणू मी नव्याने नांदायला चाललेय.

अश्लेषा : त्याला वाटतंय व्होल्टेजने उडालं. तेच वाटू दे.

लीलावती : वाटू दे ग. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तो भैया डबा उघडेल तेव्हा मूठ उघडेलच.

अश्लेषा : म्हणून म्हणते, आधी उघडू. अरे, कुठे गेला हा? भैया! स्क्रू खोल दीजिए इसका, प्लीज़.

दुकानदार : आया भाभीजी. ज़रा ऊपर से दो-चार कैबिनेट उतार लूँ, फिर एक साथ सब कर देते हैं.

अश्लेषा : गेला परत वर. यार, काय माणूस आहे.

लीलावती : सांगलीत माझं कोण राहिलंय आता? अडतीस वर्षं झाली लखनौत. विकास नगरला आलो तेव्हा मागे नुसती शेतं होती. शेजारची मिश्राइन सकाळी भिंतीवरून हाक मारते, ती नाही मारली तर मला चहा जात नाही. संग्राम चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण तिथे मी पाहुणी. पाहुण्यासारखं किती दिवस बसायचं?

अश्लेषा : तुम्ही जाणार नाही आहात.

लीलावती : तू ठरवणार का?

अश्लेषा : मी ठरवलं नाही तर कोण? त्या दिवशीचं दूध माझं होतं, आई.

लीलावती : हळू बोल.

अश्लेषा : मी गॅसवर ठेवलं आणि कानाला हेडफोन लावून मीटिंगला बसले. उतू गेलं, गॅस विझला, घरभर वास. अभिरामने दार उघडलं आणि थेट तुमच्यावर ओरडला. तुम्ही देवघरातून बाहेर येऊन म्हणालात, राहिलं खरं माझ्याकडून. आणि मी गप्प बसले.

लीलावती : तुझी नोकरी नवी. त्यात नवरा ओरडला असता, घरात बसून काम करतेस ते पण धड नाही म्हणून. मी म्हातारी, मला चार शब्द जास्त लागले तर काय होतं? तेव्हा मला कुठे ठाऊक, त्या चार शब्दांचं सांगलीचं तिकीट होईल.

अश्लेषा : मला झोप येत नाही, आई.

लीलावती : मग झोप येण्यापुरतं माझ्याजवळ सांगितलंस. पुरे. त्याला सांगू नकोस. तो आलाच बघ.

(अभिराम जिना चढून येतो. दुकानदार तीन नवी कॅबिनेट काउंटरवर मांडतो.)

अभिराम : पार्किंगला वीस मिनिटं. काय झालं, ठरलं का काही?

अश्लेषा : हे काळं घेऊ या. साधं.

अभिराम : हे? हे वरून पूर्ण बंद आहे. गरम हवा वरच जाते, अश्लेषा. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री असते इथे. हे जाळीवालं घे. काच पण आहे बाजूला.

अश्लेषा : मला वरून बंदच हवं.

अभिराम : कारण?

अश्लेषा : धूळ.

अभिराम : त्याला फिल्टर येतो. भैया, इसमें फ़िल्टर है न?

दुकानदार : जी सर, मैग्नेट वाला. निकालिए, धोइए, लगाइए.

अभिराम : बघ. प्रॅक्टिकल विचार कर ना जरा.

अश्लेषा : मी केलाय विचार. मशीन माझं आहे, टेबल माझं आहे. वरून काही पडणार नाही असंच हवं.

अभिराम : वरून काय पडणार आहे?

लीलावती : काही नाही रे. तिला आवडलंय तर घेऊ दे.

अभिराम : आई, तू यात नको पडूस. ठीक आहे, जे हवं ते घे. भैया, खोलिए पुराना, सामान शिफ़्ट कर दीजिए.

अश्लेषा : आपण तोवर खाली चहा पिऊन येऊ या का?

अभिराम : आत्ताच तर आलो. समोर उघडू दे, पार्ट बदलतात हे लोक.

दुकानदार : अरे. सर, इसमें तो चावल है. लाल-लाल. और ये फूल की पत्ती. आपके यहाँ चूहे-वूहे हैं क्या?

अभिराम : तांदूळ?

अश्लेषा : मी पूजा केली होती. खंडेनवमीला.

अभिराम : तू?

अश्लेषा : हाँ, मी. का, मी करू शकत नाही?

अभिराम : सहा वर्षांत तू देवासमोर उदबत्ती लावलेली मी पाहिली नाही. कॉम्प्युटरची पूजा केलीस? मंत्र कुठला म्हटलास?

लीलावती : तिला नको उलटतपासणी. मी केली. पाणीही मीच सोडलं. पळीभर.

अभिराम : चालू मशीनवर?

लीलावती : चालू मशीनवर.

अभिराम : आणि चार दिवस मी इलेक्ट्रिशियनला शिव्या देतोय. आई, मी तुला बोलत नाही, पण आता तूच सांग. आधी गॅस, आता हे. दिवसभर तू घरात असतेस, ही खोलीत बंद. उद्या काही पेटलं तर? दादाला मी आज फोन करतो. दिवाळी झाली की जा तू. हे शिक्षा म्हणून नाही, समजून घे.

लीलावती : बरं.

अभिराम : बरं काय?

लीलावती : बरं म्हणजे बरं. तू म्हणतोस तर जाते.

अश्लेषा : अभिराम, गॅस मी विसरले होते.

लीलावती : अश्लेषा.

अश्लेषा : नाही आई, बोलू द्या. दूध मी ठेवलं होतं. मी हेडफोन लावून बसले. तू आलास, आईंना बोललास, आणि मी खोलीच्या दारात उभी राहून ऐकलं. एक शब्द बोलले नाही. कारण तू मला बोलला असतास.

अभिराम : दोन महिने?

अश्लेषा : दोन महिने. रोज म्हटलं आज सांगते. आईंच्या डोक्यात काही झालेलं नाही. पूजा त्यांनी विसरून नाही केली, आठवणीने केली. माझ्यासाठी केली. विसरले ती मी, आणि सांगलीला पाठवतोयस त्यांना.

दुकानदार : सर, बोर्ड तो सूखा है, बच गया. आगे फ़िट करूँ?

अभिराम : रुको भैया. दो मिनट.

लीलावती : त्याचं काम अडवू नका रे. लोक खोळंबलेत मागे.

अभिराम : आई, तू तेव्हा का नाही बोललीस? माझं नव्हतं म्हणून सांगायचं ना.

लीलावती : तू विचारलंस कुठे? दार उघडलंस, बोललास, आणि चपला काढायच्या आत दादाला फोन लावलास. गॅस कोणी ठेवला, हे एकदा तरी विचारलंस का? जायचं की राहायचं हेही तुम्ही दोघा भावांनी फोनवरच ठरवलंत. रंग कुठला लावायचा तेवढं मला सांगितलंत.

अभिराम : मला भीती वाटली ग. बाबा गेल्यापासून ऑफिसमध्ये फोन वाजला की आधी घरचा तर नाही ना, तेच बघतो.

लीलावती : ठाऊक आहे मला. म्हणून तर गप्प राहिले.

अश्लेषा : अभिराम, आता तरी विचार.

अभिराम : आई.

लीलावती : काय?

अभिराम : तुला जायचंय का सांगलीला?

लीलावती : नाही रे. मला नाही जायचं.