देवीचं जावळ

यवतच्या स्टँडवर शेजारी बसलेल्या सासू-सुनेचं बोलणं सविता न ऐकल्यासारखं करून ऐकत होती. सुनेच्या मांडीवर वर्षाचं लेकरू झोपलं होतं.

"रविवारी देवीला याचं जावळ काढायचं."

"आत्याबाई, आपरेशनला अर्धं डोकं भादरलंच की."

"ते दवाखान्याचं झालं. देवीचं ऱ्हायलंय."

"पर कानामागं कातडीखाली नळी हाय. डोक्यातलं पानी तिच्यातनं पोटात उतरतं. वस्तरा लागला तर?"

"दिसत तर न्हाई कुठं."

"हात लावून बघा. दोन म्हैनं झालं, तुम्ही नुसत्या भ्यालाय."

म्हातारीनं एक बोट कानामागं टेकवलं आणि हळूच मानेपर्यंत नेलं.

"वस्तरा नगं. मामा कात्रीनं पुढची एकच बट काढंल."

"आन् देवी कोपली तर?" सुनेनं विचारलं.

"कोपू दे माझ्यावर. माझं टाळकं भक्कम हाय."