पेपरात सुटलेला एक शब्द

पाळकसाहेब, डोंगरे सर, संगमनेरहून दोन गाड्या बदलून आलेल्या मुलींनो, गल्लीतल्या आयाबहिणींनो, वर्कशॉपमधल्या पोरांनो... बसा. मागचे उभे का? पुढं खुर्च्या आहेत, या.

मी बोलणार नव्हतो. प्रियाला, माझ्या मुलीला म्हटलं, तू बोल. ती म्हणाली, "पप्पा, मला रडू येईल, तुम्हीच बोला." मला रडू येत नाहीये. का येत नाही, तेही कळत नाही. सुलोचना गेली, तिला माती दिली, माणसं येऊन गेली, आणि मी आपला गोंधळलेलाच आहे. तसाच तुमच्यापुढं उभा आहे. कुठं चुकलो तर सांभाळून घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी विलास साळवे, सुलोचनाचा नवरा. इथं बेलापुरात माझं उसाच्या ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. बारावीनंतर आयटीआय केलं, वेल्डिंग शिकलो. गणिताशी माझा संबंध मापापुरता.

पाळकसाहेब आत्ता म्हणाले, सुलोचनाबाईंना ज्ञानाची तहान होती. साहेब, तुम्ही फार चांगलं बोललात. असेलही तसं. पण घरात ती असं कधी बोलली नाही. भेटायला येणारा जो तो मला विचारतो, "वहिनींनी एमेस्सी कशाला केली हो? नोकरी लागणार होती का?" नव्हती लागणार. वय निघून गेलं होतं. "मग शिकवणीसाठी?" दहावीच्या पोरांना ती आधीपासूनच शिकवत होती, त्याला एमेस्सी लागत नाही. मग कशाला? मी मान हलवतो आणि चहा घ्या म्हणतो. मला माहीत नाही, मंडळी. वीस वर्षांच्या वर संसार केला, आणि मला माहीत नाही.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. प्रिया नर्सिंगला पुण्याला गेली. घर रिकामं झालं. एका संध्याकाळी मी जेवायला बसलेलो, ही भाकरी थापत होती. तव्याकडं बघतच म्हणाली, "अहो, मी एमेस्सी करू का?"

"कशात?"

"गणितात."

"कशाला?"

"बीएस्सीला काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं."

मी म्हटलं, "अगं, बीएस्सी पूर्ण झालीये तुझी. लग्नाआधीच झालीये. सर्टिफिकेट कपाटात आहे."

"हो," म्हणाली. "तरीपण."

मी म्हटलं, कर बाई. मला वाटलं, महिनाभर जाईल नि थांबेल. माझी आई, ती बघा पुढं बसलीये, आई म्हणाली, "आता लेकीचं लगीन बघायचं का तुजं कालेज?" मग तिनं कुठंतरी विषयाचं नाव ऐकलं, टोपोलॉजी. दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होती, "सून संगमनेरला टोप्या शिवायला शिकती." सुलोचना आतून ऐकून इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी आईपण हसायला लागली. काय झालं म्हणून नाही, ती हसतीये म्हणून.

सकाळची एसटी पकडायची, बाभळेश्वरला गाडी बदलायची, लोणीवरून संगमनेर. वर्गात सगळ्या लेकीच्या वयाच्या मुली. त्यांनी आधी हिला मॅडम म्हटलं, मग काकू म्हटलं, मग सुलूताई. ही रेश्मा इथं बसलीये, हिला विचारा. बाभळेश्वरच्या स्टँडवर गाडी येईपर्यंत दोघी बाकड्यावर बसून बोटानं हवेत काय काय काढायच्या. लोक बघायचे. कंडक्टरनं एकदा विचारलं म्हणे, "ताई, हिशोब चुकला का?"

वर्कशॉपवर माझा डबा घेऊन यायची, आणि डबा ठेवून तिथंच रिकाम्या ड्रमवर बसायची. समोर कटिंग चालू, ठिणग्या उडतायत, आणि ही कुठंतरी बघत. मी विचारायचो, "काय करतेस?"

"विचार."

"कसला?"

"सांगू?" म्हणायची, आणि खरंच सांगायला लागायची. पहिली दोन वाक्यं मला कळायची. मग मी नुसतं हं हं करायचो. तिला कळायचं की मला कळत नाहीये. तरी सांगायची. मग मध्येच थांबायची आणि म्हणायची, "अरे, हो की." आणि उठून जायची. काय 'हो की', ते मला कधीच कळलं नाही.

आता त्या पेपरचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय सुलोचना कोण होती ते कळणार नाही. सांगितल्यावर तरी कळेल का? बघू.

शेवटच्या वर्षाचा टोपोलॉजीचा पेपर. त्यात एक प्रश्न होता, अमुक अमुक सिद्ध करा. मला रेश्मानं नंतर समजावलं, ते माझ्या भाषेत सांगतो. प्रश्नात एक शब्द सुटला होता. छापताना सुटला, काढताना सुटला, देव जाणे. तो शब्द असला तर वाक्य खरं. नसला तर वाक्य खोटं. म्हणजे खोटं वाक्य दिलं होतं आणि म्हटलं होतं, हे खरं आहे असं सिद्ध करा.

मुलींनी काय केलं? त्यांना प्रश्न ओळखीचा होता. त्यांनी सुटलेला शब्द मनातच धरला आणि पुस्तकातली सिद्धता लिहिली. शहाण्या मुली. सुलोचनालाही ती सिद्धता पाठ होती. घरात फरशी पुसताना म्हणायची ती. पण तिनं नाही लिहिली. तिनं लिहिलं, हे वाक्य खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे दाखवायला एक उदाहरण बांधायला घेतलं.

ते कसं असतं, तेही मला तिनंच सांगितलं होतं. समजा मी म्हटलं, प्रत्येक ट्रॉलीला चार चाकं असतात. तुम्हाला मला खोटं पाडायचंय. मग तुम्ही जगातल्या सगळ्या ट्रॉल्या बघायची गरज नाही. दोन चाकांची एक ट्रॉली माझ्या दारात आणून उभी करा. झालं. मी गप्प.

तर ही अशी ट्रॉली बांधत बसली. त्यात वेळ गेला. पुढचा एक प्रश्न तसाच राहिला.

संध्याकाळी घरी आली तेव्हा मी विचारलं, "कसा गेला?"

म्हणाली, "प्रश्न चुकीचा होता."

"मग तू काय केलंस?"

"चुकीचा आहे असं लिहिलं."

"अगं, पण त्यांना काय हवं होतं ते तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग तेच लिहायचं!"

माझ्याकडं बघून म्हणाली, "पण त्यांनी ते विचारलंच नव्हतं."

तुम्ही काय बोलला असता?

निकाल लागला. त्या विषयात नापास. तिनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. त्या उत्तरावर लाल पेनानं एक मोठी फुली, बाजूला शून्य. बाकी एक अक्षर नाही. मग तिनं अर्ज केला, कॉलेजनंही वर विद्यापीठाला कळवलं. बरेच महिने काहीच नाही. मग एक दिवस कळलं, प्रश्न चुकीचा होता हे मान्य झालं. ज्यांनी ज्यांनी तो सोडवायचा प्रयत्न केला, त्या सगळ्यांना पूर्ण मार्क. सुलोचना पास! एमेस्सी पूर्ण!

मी वर्कशॉप बंद केलं. श्रीरामपूरला जाऊन पेढे आणले. आल्यावर बघतो तर ही स्वयंपाकघरात पाटावर बसून रडतीये. मला वाटलं, आनंदाचं रडतीये. पेढा पुढं केला तर तोंड फिरवलं.

म्हटलं, "आता काय झालं? पास झालीस ना!"

"सगळ्यांना पास केलं त्यांनी."

"मग चांगलंच झालं की!"

"मी लिहिलेलं कुणी वाचलंच नाही हो. आधी फुली मारली तेव्हाही वाचलं नाही, आता मार्क दिले तेव्हाही नाही."

आई दारात उभी होती. आई म्हणाली, "मार्क भेटले न्हवं? मग वाचून काय करायचं हाय?"

मलाही तेच विचारायचं होतं. अजूनही विचारायचंय.

पुढचं तर त्याहून अवघड आहे. ही ती झेरॉक्स घेऊन डोंगरे सरांकडं गेली, कॉलेजात टोपोलॉजी तेच शिकवायचे. सरांनी पंख्याखाली बसून सगळं उत्तर वाचलं. आणि सर म्हणाले, "सुलोचनाबाई, वाक्य खोटं आहे हे तुमचं बरोबर. पण तुमचं उदाहरण चुकलंय." सर, असंच म्हणालात ना? सर मान हलवतायत.

आणि मंडळी, ही बाई त्या दिवशी हसत घरी आली. एवढी हसताना मी तिला लग्नातही बघितलं नव्हतं. येताना दूध आणलं, खीर केली. मी म्हटलं, "काय म्हणाले सर?"

"चुकलंय म्हणाले!"

"मग हसतेस काय?"

"अहो, कुठं चुकलंय ते दाखवलं त्यांनी. तिसऱ्या ओळीत! मी जे धरलं होतं ते तिथं बसतच नाही. बरोबर आहे त्यांचं."

मार्क मिळाले तेव्हा रडली. चुकलं म्हणून सांगितलं तेव्हा खीर केली. तुम्हाला लागतो का याचा अर्थ? मला खीर गोड लागली, एवढंच मी सांगू शकतो.

सर म्हणाले होते, बरोबर उदाहरण मी सांगतो. ही म्हणाली, "नका सांगू सर." परीक्षा संपली, डिग्री मिळाली, आता कुणी विचारणार नाही, आणि ही पुन्हा त्याच प्रश्नाला बसली. भाजी निवडताना तेच. चर्चमध्ये उपदेश चालू असताना, पाळकसाहेब माफ करा, तेव्हाही तेच. मला चेहऱ्यावरून कळायचं.

मग तो शनिवार. ऊसतोडीच्या सीझनच्या आधीचे दिवस, वर्कशॉपमध्ये श्वास घ्यायला वेळ नाही. ट्रॉलीचा नवा पत्रा रंगासाठी उभा करून ठेवलेला. ही डबा घेऊन आली, ड्रमवर बसली. थोड्या वेळानं उठली, मी खुणा करतो तो खडू उचलला, आणि त्या पत्र्यावर दोन ठिपके काढले. त्यांच्याभोवती एक गोल. मागं सरकून बघितलं.

मला म्हणाली, "मी उगाच केवढं मोठं बांधत होते. दोन पुरतात."

मी म्हटलं, "काय दोन?"

"बिंदू. फक्त दोन."

मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं. ग्राइंडर बंद करायला लावला पोरांना. मी नीट ऐकलं, खोटं सांगत नाही. पण मला दोन ठिपके आणि एक गोल दिसत होता. मी म्हटलं, "मग आता सरांना फोन कर."

"सोमवारी जाते की. घाई काय आहे?"

आणि पदरानं ते पुसून टाकलं. म्हणाली, "द्या आता रंग."

घाई नव्हती तिला. दोन वर्षं जीव काढला त्या प्रश्नानं, आणि उत्तर सापडल्यावर घाई नव्हती! कुणाला दाखवायचंही नव्हतं. मग आधी ते कुणी वाचलं नाही म्हणून का रडली? विचारायचं राहिलं. म्हटलं, विचारू नंतर.

रविवारी सकाळी चर्चला निघताना म्हणाली, डोकं दुखतंय. पायरीवर बसली. आईनं हाक मारली, "सुलू, काय होतंय गं?" तिला बोलताच येईना. श्रीरामपूरला नेलं, तिथून लोणीला नेलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडून होईल तेवढं सगळं केलं. सोमवार उजाडला तेव्हा ती नव्हती.

डोंगरे सर घरी भेटायला आले. मी म्हटलं, "सर, तिनं शनिवारी दोन ठिपके काढले होते. भोवती गोल. दोन पुरतात म्हणाली." सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "बरोबर आहे." मी म्हटलं, "सर, मला बरं वाटावं म्हणून म्हणताय का?" सर म्हणाले, "नाही हो साळवे. खरंच दोन पुरतात. त्यांचं उत्तर बरोबर आहे."

आई शेजारी होती. तिनं विचारलं, "मंजी माजी सून पास झाली?"

सर म्हणाले, "हो आजी. आता झाली."

आई तेव्हा रडली. मला तेव्हाही रडू आलं नाही. मी विचार करत राहिलो, दोन ठिपक्यांमध्ये बरोबर काय असतं? आणि चूक काय असतं? मी रोज लोखंडावर खडूनं खुणा करतो. तसलेच होते की ते.

मंडळी, अशा सभेत शेवटी दोन मिनिटं उभं राहून शांत राहतात. आपण जरा वेगळं करू. पाळकसाहेबांना विचारलंय, त्यांची हरकत नाही. माझ्या मागं हा शब्बाथ शाळेचा, रविवारी मुलांचा वर्ग भरतो त्याचा, फळा आहे. मी सरांना विनंती करतो, सर, या. सुलोचनाचं उत्तर इथं लिहा. ते दोन बिंदू काढा आणि खाली जे काही लिहायचं असतं ते सगळं लिहा. समजावून सांगू नका. नुसतं लिहा.

सर लिहितील तोवर कुणी बोलू नका. मोबाईल बंद ठेवा. ज्या मुलींना कळेल त्यांनी वाचा. आणि ज्यांना कळणार नाही, माझ्यासारख्या, आईसारख्या, त्यांनीही फळ्याकडं बघा. शेवटच्या ओळीपर्यंत बघा.

आई, तू बसूनच राहा. बाकीच्यांनी उभं राहावं.

या सर. हा घ्या खडू.