आडवी चीर

हबीब : पन मले हे सांग संगीता, या पत्र्यावरच्या जीपले पाय कायले?

संगीता : स्वप्नात तसेच होते, चाचा.

हबीब : बरं झालं. बोरीच्या रस्त्यावर चाकापरीस पायच टिकतीन. अन् या बाईच्या मानेवर डोक्याच्या जागी पान्याचा पितळी गुंड काहून?

संगीता : तेबी स्वप्नातलंच.

हबीब : चाळीस वर्सं झाली, दारव्ह्याच्या भांड्यायवर नावं टाकून राह्यलो, पन असा पत्रा नाही पाह्यला. रेघा समजल्या, त्या सुईनं ओढल्या. पन हे धुरावानी सावली? इथं तं हत्यार लागलंच नाही.

संगीता : राळेची भुकटी भुरकवली, खालून तापवली, मंग पत्रा तेजाबात बुडवला. दाण्यायच्या मंधातलं तांबं तेजाब खाते. तिथं शाई बसते.

हबीब : बोटाले खरखर लागते खरी. किती कागद छापून काढले?

संगीता : बारा. समद्यायवर नंबर टाकले. आता पत्रा बाद करा लागते, त्याच्यासाठीच आली. एक आडवी चीर मारून द्या, खोल.

हबीब : एवढ्या चांगल्या पत्र्यावर?

संगीता : घेणाऱ्यायले जबान दिली, बाराच्या वर एक निघनार नाही. चिरलेल्या पत्र्याचा एक कागद नागपूरच्या प्रदर्शनवाल्यायले दाखवा लागते. तवाच ते चित्र भिंतीवर लावतीन. उद्या पोचला पायजे.

हबीब : तं तूच मार. सुई तं तुह्याजवळ आहे.

संगीता : तीन दिवस झाले, हात उठत नाही. गुंडवाली बाई म्हणजे माही याडी, माही माय आहे. पोळ्याले वर्स झालं तिले जाऊन.

हबीब : भुरीबाई? थांब, चष्मा घेऊ दे. हौ. काठाले पोचा आहे, तोच गुंड. कापूस वेचून जमवलेल्या पैशाचा घेतला होता तिनं, माह्यासमोर. म्हणे, याच्यावर माहं नाव टाका, भुरीबाई.

संगीता : त्याच्यावर तं बापूचं नाव आहे.

हबीब : मीच म्हणलं, घरमालकाचं, नवऱ्याचं सांग बाई, भांड्यावर त्याचंच असते. तिनं पदरानं गुंड पुसला. मंग म्हणे, टाका गुलाबसिंग. ते मले अजून डाचते.

संगीता : मले कधी बोलली नाही. तरीच, गुंड घासताना त्या नावावरच राख जास्त घासे. नाव पार पुसट झालं, तरी घासे.

हबीब : चीर सरळच पायजे, असा कायदा आहे का?

संगीता : नाही. या काठापासून त्या काठापर्यंत गेली पायजे, म्हणजे चित्र पुन्हा कामाचं राहत नाही.

हबीब : ते बारीक छन्नी दे इकडं. कागदावर उलटं उमटते ना?

संगीता : हौ. काय टाकून राह्यले?

(छन्नीवर हातोडीची टिकटिक सुरू होते.)

हबीब : चिरीच्या जागी चारच अक्षरं, या काठापासून त्या काठापर्यंत. इथं उलटी टाकतो, कागदावर सुलटी येतीन.

संगीता : चाचा, आज मालकाचं नाव नाही विचारलं?

हबीब : तिनं त्याच दिवशी सांगितलं होतं. मीच टाकलं नाही.